रडके सिनेमे आणि सफारीचं कापड

बडोद्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय अडतीस. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या बारा वर्षं खरेदी विभागात आहेत, आणि गेल्या एप्रिलपासून विभागप्रमुख. हाताखाली आठ जण, सगळे पुरुष. संध्याकाळी साडेसातला घरी आल्यावर काहीतरी हलकंफुलकं बघावं, वाचावं, आणि त्यात आपल्यासारखी नोकरीत पुढे गेलेली बाई असावी, एवढीच त्यांची इच्छा आहे. ‘पण मिळतं काय?’ त्या लिहितात. ‘कर्तबगार बाईची गोष्ट लावली की पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी मरतं, नाहीतर नवरा टाकून देतो. विनोदी लावावं तर साहेब झालेली बाई म्हणजे खडूस, सारखी ओरडणारी, आणि शेवटी कुणीतरी तिला प्रेमात पाडून सरळ करतो.’ यजमान म्हणतात, हसायचंच आहे ना, मग हास्यजत्रा लाव. आठ ते नऊ सासूबाईंची मालिका असते. परवा तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आई, तुझ्यासारख्या बायका फक्त रडक्या सिनेमात असतात.’ ते त्यांना लागलं आहे. त्या विचारतात : मला प्रेरणा नको, हसायचं आहे. हे मागणं चुकीचं आहे का? आणि असं काही असेल तर शोधायचं कसं? पत्राच्या शेवटी, जाताजाता, एक ओळ आहे : ‘दिवाळीला राजकोटच्या एका व्हेंडरकडून परचेस हेडसाठी भेट आली, उघडून बघते तर सफारीचं कापड.’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सफारीच्या, म्हणजे पुरुषांच्या सुटाच्या, कापडापाशी थांबले. त्याबद्दल मला बोलायचंच आहे, पण आधी तुमचा प्रश्न.

मागणं चुकीचं नाही. दिवसभर कुणाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, रिजेक्ट झाली, कुणाचा ट्रक हालोलला अडकला, कुणी खरेदीची ऑर्डर मिळाल्यावर भाव वाढवून मागितला, हे सगळं निस्तरून जी बाई साडेसातला चपला काढते तिला संघर्ष बघायला लावू नये. तिचा तो सकाळीच झालेला असतो. प्रेरणा ज्याला कामाला लागायचं आहे त्याला हवी. तुम्ही कामावरून आला आहात.

आता थोडं आपल्या गावाबद्दल, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ मला इथेही दिसतं. बडोद्यात बाईच्या कामाला मोठी परंपरा आहे. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय 1914 सालचं. हंसाबेन मेहता 1949 मध्ये इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, तेव्हा मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाला बाई कुलगुरू ही देशात नवी गोष्ट होती. आणि विनोदाचीही परंपरा आपल्याकडेच आहे : चिं. वि. जोशी इथेच पालीचे प्राध्यापक होते, म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ एका अर्थी आपल्या गावचे. पण या दोन गोष्टी कधी एका घरात नांदल्या नाहीत. चिमणाबाई आणि हंसाबेन हार घातलेल्या फोटोत गेल्या. हसू चिमणरावाच्या वाट्याला आलं, आणि चिमणरावाची बायको काऊ घरातच राहिली. तुमची मुलगी जे म्हणाली ते तिच्या वयाला दिसलेलं खरं आहे. कर्तबगार बाईला आपण नमस्कार करतो. तिच्यासोबत हसायची सवय आपल्याला नाही.

असं का होतं, यावर मी बरीच वर्षं विचार करते आहे, आणि मला एकच उत्तर पटतं. रडका सिनेमा आणि खडूस बाईचा विनोद, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. लिहिणाऱ्याला त्या बाईचं काम माहीत नसतं. तो तिला काचेची केबिन देतो, समोर फाइल ठेवतो, सही करायला लावतो. फाइलमध्ये काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. मग तिच्याबद्दल लिहिण्यासारखं उरतं काय? तिचं लग्न, तिचा राग, तिचे अश्रू. ज्याला काम माहीत असतं त्याला विनोद शोधावा लागत नाही.

माझंच सांगते. मी याच शहरात एका बँकेत एकतीस वर्षं काढली. स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, एक हेड कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि रोकड ठेवायला दोघांनीही आत जायचं. 1987 साली अधिकाऱ्याची चावी माझ्याकडे आली, तेव्हा मी आठव्या महिन्यात होते. आमच्या शाखेतलं जाळीचं दार अर्धंच उघडायचं, कारण मागे जुन्या लेजरांचं कपाट होतं. सगळे तिरके होऊन आत जायचे. मला तिरकं होऊन जाणं शक्यच नव्हतं, उलट आणखी अडकले असते. हेड कॅशियर काका म्हणाले, ‘बेन, तमे बहार ऊभा रहो, हुं मूकी आवुं.’ म्हणजे तुम्ही बाहेर थांबा, मी ठेवून येतो. मी म्हटलं, काका, नियम. मॅनेजर आले. दोन शिपाई आले. रोकडीची ट्रंक मध्ये ठेवून आम्ही पाच जण त्या दाराकडे बघत उभे. शेवटी मी म्हटलं, मला लहान करता येणार नाही, कपाट सरकवा. शिपायांनी ते हातभर सरकवलं आणि दार सताड उघडलं. कपाटामागे चार वर्षांपूर्वी हरवलेली जावक नोंदवही सापडली, जिच्यावरून एका कारकुनाला मेमो मिळाला होता. अकरा वर्षं सगळी शाखा तिरकी होऊन आत जात होती. खरी मजा पुढे झाली. दार पूर्ण उघडायला लागलं तरी काका पुढचे आठ-दहा दिवस सवयीने तिरकेच आत जात होते.

या गोष्टीत मी बाई आहे, कामावर आहे, माझं म्हणणं खरं ठरलं आहे. कुणी मेलं नाही, कुणी कुणाला सुधारलं नाही. हसू येतं ते दोन चाव्यांच्या नियमामुळे. नियम माहीत नसेल तर गोष्टच होत नाही.

म्हणून, ताई, शोधताना ‘बाई’ शोधू नका, काम शोधा. ‘प्रेरणादायी स्त्रिया’ असं टाइप केलंत की तुम्हाला रडणंच मिळणार, ती दुकानंच तशी लावलेली आहेत. त्याऐवजी धंदा लिहा : शाळा, नगरपालिका, लग्नाचं कंत्राट, पोलीस चौकी, आणि पुढे ‘विनोदी’. दुसरं, शेवट आधी वाचा. सिनेमाचं कथानक लिहिलेलं असतं त्यातला शेवटचा परिच्छेद वाचून घ्यायचा. दमलेल्या माणसाला धक्क्याची गरज नसते, आणि चांगला विनोद शेवट कळल्याने कमी होत नाही. तिसरं, वीस मिनिटांत ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करते हे कळलं नाही, तर बंद करा. अपराधी वाटून घेऊ नका.

या कसोटीवर उतरलेली माझी आवडती मालिका ‘ॲबट एलिमेंटरी’. 2021 पासूनची, फिलाडेल्फियातल्या एका गरीब सरकारी शाळेची. क्विंटा ब्रन्सनने ती लिहिली आणि त्यातल्या नायिकेचं, एका शिक्षिकेचं, कामही तिनेच केलं. तिची आई शिक्षिका होती, आणि ते प्रत्येक भागात कळतं. पहिल्या भागाचा सगळा विषय काय, तर वर्गातली जाजम खराब झाली आहे आणि नवी हवी आहे. एवढंच. पैसे कुठून येणार, अर्ज कुणाकडे जाणार, मुख्याध्यापिका त्या पैशांचं काय करणार. तुम्ही खरेदीत आहात, तुम्हाला त्या जाजमेच्या मागणीपत्रात जे दिसेल ते मलाही दिसणार नाही. भाग वीस-बावीस मिनिटांचे आहेत. सासूबाईंच्या मालिकेच्या वेळात स्वयंपाकघरात फोनवर एक भाग होतो. इंग्रजी वेगात बोलतात, पण खाली अक्षरं लावली की पहिल्या दोन भागांनंतर कान बसतो, आणि मुलीसोबत बघायलाही ती चांगली आहे.

‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ही पाहा, 2009 ते 2015 अशी सात पर्वं. अमेरिकेतल्या एका काल्पनिक गावाच्या उद्यान खात्यातली लेस्ली नोप. तिला एक मोठा खड्डा बुजवून तिथे बाग करायची आहे, आणि तिच्या वरिष्ठाचं ठाम मत आहे की सरकार नावाची गोष्टच नसावी. नागरिकांच्या सभा बघताना तुम्हाला आपल्या वॉर्डाची आठवण येईल. मला ही मालिका प्रिय आहे कारण लेस्लीला काम मनापासून आवडतं आणि त्याबद्दल तिला शिक्षा होत नाही. ती पुढे पुढेच जाते. पण एक करा, पहिलं पर्व सोडून द्या. सहाच भाग आहेत, आणि त्यात लिहिणाऱ्यांना लेस्ली अजून सापडलेली नाही, तिथे ती हास्यास्पद वाटते. दुसऱ्यापासून सुरू करा.

जुन्यातलं हवं असेल तर 1980 चा ‘नाइन टू फाइव्ह’. एका ऑफिसातल्या तीन बायका आणि त्यांचा लंपट, दुसऱ्याचं श्रेय लाटणारा साहेब. त्याला त्या त्याच्याच घरात डांबून ठेवतात आणि तेवढ्या दिवसांत ऑफिस बदलून टाकतात : सोयीच्या वेळा, पाळणाघर, सारख्या कामाला सारखा पगार. या चित्रपटाची हकीकत तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. त्यातली एक नायिका जेन फोंडा, तिला अमेरिकेतल्या ऑफिसात काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवरून ही कल्पना सुचली, आणि आधी गंभीर चित्रपट काढायचा विचार होता. पण कसंही लिहिलं तरी ते प्रवचन व्हायला लागलं, म्हणून तो विनोदी केला. म्हणजे तुम्हाला जे आत्ता जाणवतं आहे ते त्यांनाही जाणवलं होतं.

आता हिंदीकडे येते, आणि इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला थोडी हलवून बघायची आहे. ‘नोकरीत पुढे गेलेली’ असं तुम्ही लिहिता, म्हणजे पद, केबिन, हाताखाली माणसं. तुम्हाला ते पद मिळालं आहे आणि ते कष्टाचं आहे, म्हणून पडद्यावरही तेच हवं वाटणं स्वाभाविक आहे. पण विनोदाला पद लागत नाही, हिंमतीची पहिली पायरी लागते. ‘पंचायत’ मालिकेतल्या मंजूदेवी घ्या. कागदावर त्या गावच्या प्रधान, म्हणजे सरपंच, कारभार नवऱ्याच्या हातात. 2020 च्या पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात त्यांना सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करायचं असतं आणि त्यासाठी राष्ट्रगीत पाठ करावं लागतं. नीना गुप्तांनी ते जे काही केलं आहे, त्यात मला हसूही येतं आणि अभिमानही वाटतो, आणि दोन्ही एकाच क्षणी. पुढच्या पर्वांत त्या हळूहळू खुर्चीत सरकून बसतात.

‘लापता लेडीज’ तुम्ही पाहिला असेल. पुन्हा पाहा, या वेळी हरवलेल्या नवऱ्या सोडून द्या आणि रेल्वे स्टेशनवरच्या मंजूमाईच्या टपरीवर नजर ठेवा. आपल्या छाया कदम. गल्ला तिचा, टपरी तिची, शब्दही तिचाच. आणि हरवलेल्या नवऱ्यांपैकी एक, फूल, जेव्हा तिथे कलाकंद करते, तो विकला जातो आणि तिच्या हातात पहिल्या कमाईचे पैसे पडतात, तेव्हा ती त्या नोटांकडे बघते. तो मोबदला तुमच्या पदोन्नतीच्या पत्रापेक्षा लहान नाही.

धंद्याचाच सिनेमा हवा असेल तर ‘बँड बाजा बारात’, 2010 चा. श्रुतीच्या डोक्यात लग्नाच्या कंत्राटाचा सगळा हिशोब आहे : फुलं किती, जेवण किती, पाहुणे किती आणि पैसे कुठे वाचवायचे. प्रेम येतं आणि धंदा बिघडवतं, पण तिचं डोकं ताळ्यावर असतं. हा मात्र मुलीला घेऊन बघू नका, अजून तीन-चार वर्षं थांबा. ‘तुम्हारी सुलू’चा पहिला अर्धा भाग तितकाच सुंदर आहे, विरारची गृहिणी रात्रीच्या रेडिओवर बोलू लागते तो; नंतर घरच्यांचा जाच सुरू होतो. ते आधी माहीत असलं की त्रास होत नाही.

पुस्तकांसाठी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. आणि तिथे विनोदी पुस्तकांच्या कपाटाकडे जाऊ नका, आत्मचरित्रांच्या कपाटाकडे जा. आपल्या बायकांचा सगळ्यात चांगला विनोद तिथे ठेवलेला आहे. सई परांजपे यांचं ‘सय’ घ्या. आकाशवाणी, दूरदर्शन, नाटक, सिनेमा, आयुष्यभराच्या कामाचं पुस्तक आहे, आणि ज्या बाईने ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ काढले तीच ते सांगते आहे. चार-चार पानांचं काही हवं असेल तर मंगला गोडबोले यांचं ‘झुळूक’ उशाशी ठेवा.

आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. इथे मी तुमच्याशी वाद घालणार आहे. ‘कुणी मरू नये, नवऱ्याने टाकू नये’ ही तुमची अट या पुस्तकाला लावलीत तर ते पहिल्याच फेरीत बाद होईल. वडिलांचं ते भयंकर सोवळं, लहान वयातलं लग्न, नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, मृत्यू, सगळं त्यात आहे. तरीही मराठीत बाईने लिहिलेलं याहून खळखळून हसवणारं पुस्तक मला माहीत नाही. लक्ष्मीबाई दुःख लपवत नाहीत, पण ते सांगताना त्यांच्या हातातलं घरकाम सुटत नाही, भोवतालची माणसं त्यांना दिसत राहतात. म्हणून दुःख आहे एवढ्यावरून गोष्ट टाकून देऊ नका. ती सांगणाऱ्याच्या हातात काही काम आहे का, तेवढं बघा.

यजमानांचंही थोडं ऐका. हास्यजत्रेत नम्रता संभेराव, विशाखा सुभेदार यांनी जे केलं आहे ते काम आहे, कौशल्याचं, वेळेचं, पाठांतराचं. शेकडो माणसं हसतात ती त्यांच्या नोकरीत त्या तरबेज आहेत म्हणून. मुलीला एकदा त्या नजरेने दाखवा.

आणि आता मुलीचंच. ती जे म्हणाली ते सिनेमाबद्दल होतं, पण मला एक विचारायचं आहे, रागावू नका. तुमच्या कामाबद्दल तिच्या कानावर काय पडतं? बहुतेक घरांत नोकरीचं जे घरी येतं ते दमणं असतं. ‘आज डोकं उठलं.’ ‘त्या माणसाने जीव काढला.’ मी स्वतः माझ्या मुलाला कित्येक वर्षं तेवढंच सांगितलं. स्ट्राँगरूमच्या कपाटाची गोष्ट मी त्याला सांगितली ती माझ्या निवृत्तीच्या समारंभाच्या आदल्या रात्री, आणि तो म्हणाला, ‘म्हणजे मी पण होतो तिथे?’ हो, होतास. तुझ्यामुळेच तर दार उघडलं.

रोज जेवताना कामावरची एक गोष्ट सांगा. तक्रार नको, धडा नको, फक्त काय झालं ते. कुणी कोटेशनमध्ये शून्य जास्त टाकलं, कुणी तुमच्याशीच फोनवर ‘सर को दीजिए’ म्हणत दहा मिनिटं हुज्जत घातली. व्हॉल्व्ह म्हणजे काय, फोर्जिंग आणि कास्टिंग यांत फरक काय, हे तिला आधी सांगावं लागेल. सांगा. तेरा वर्षांच्या मुलीला ते समजतं, आणि ते समजल्याशिवाय तिला हसू येणार नाही.

सुरुवात सफारीपासून करा. बारा वर्षं ज्या खात्यात काढली, तिथलं सगळ्यात वरचं नाव आता तुमचं आहे, आणि राजकोटच्या त्या माणसाच्या यादीत मात्र नाव नाही, फक्त खुर्ची लिहिलेली आहे. त्या खुर्चीला तो वर्षानुवर्षं कापड पाठवतो आहे. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. डबा उघडला तेव्हा खात्यातले आठ जण कुठे होते? कुणी काय बोललं का? रंग कोणता होता? आणि तीन मीटर कापडाचं पुढे काय केलंत? एवढं मला मात्र सविस्तर लिहून कळवा. मुलीला सांगून झाल्यावर.